‘खरं प्रेम असतं तर नशा सुटली असती’ म्हणणाऱ्यांना

‘द पॅनिक इन नीडल पार्क’ या १९७१च्या अमेरिकी चित्रपटावरचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: असे चित्रपट नशेला गोड रूप देतात. नायिका हेलनचं प्रेम खरं असतं तर तिनं हेरॉइनच्या नशेत अडकलेल्या बॉबीला बाहेर काढलं असतं. आणि ज्याची नशा सुटत नाही, त्याला ती सोडायचीच नसते. चित्रपट मी तीनदा पाहिलाय आणि हे दुखणं आमच्या घरातही येऊन गेलंय, म्हणून लिहितेय.

गोड रूप? दिग्दर्शक जेरी शॅट्झबर्गनं ही गोष्ट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, ब्रॉडवे आणि ७२वा रस्ता मिळतात त्या चौकाच्या आसपास मांडली; नावातला ‘नीडल पार्क’, म्हणजे सुयांची बाग, तो हाच. पार्श्वसंगीत नाहीच. सुई शिरेत शिरते तेव्हा कॅमेरा तोंड फिरवत नाही. या मुद्द्यावर याहून जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

राग आलाय तो दुसऱ्या मुद्द्याचा. अल पचिनोचा बॉबी आणि किटी विनची हेलन यांचं प्रेम खोटं आहे असं चित्रपटात कुठेच दिसत नाही. एकदा दोघं शहराबाहेर जाऊन कुत्र्याचं पिल्लू घेतात. परतताना फेरीबोटीवर बॉबीला तलफ येते. दोघं बोटीवरच्या संडासात शिरतात, पिल्लू दाराबाहेर राहतं, आणि थोड्याच वेळात ते पाण्यात पडतं. त्यांचा पिल्लावर जीव नव्हता असं कुणी म्हणेल का? जीव होता, तरी ते गेलं. चित्रपटात बाजारात हेरॉइन मिळेनासं होतं. नावातला ‘पॅनिक’ तो हाच. मग जो तो दुसऱ्याला पोलिसांच्या हवाली करू लागतो आणि हेलनही बॉबीला पकडून देते. तोवर ती स्वतः टोचून घेत असते, हे मजकूर लिहिणारा विसरतो. बुडणाऱ्यानं बुडणाऱ्याला काढायचं कसं?

माझ्या एका वहिनीनं अकरा वर्षं कपाटाची किल्ली परकराच्या नाडीला बांधून ठेवली. चॉकलेटचा चांदीचा कागद ती घरात येऊ द्यायची नाही, कारण गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढायला तोच लागतो. नवऱ्याला मोरीत वेळ लागला की दाराशी उभी राहून हाका मारायची, ओ येईपर्यंत. आणि नातेवाईक तिला म्हणायचे, ‘तूच त्याला बांधून ठेवायला कमी पडलीस.’ फिरणाऱ्या मजकुरात तेच वाक्य आहे, फक्त चित्रपटाचं नाव लावून. पुण्याच्या मुक्तांगणात रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो तो उगीच नाही. नवऱ्याच्या व्यसनानं बायकोही आजारी पडलेली असते. तिलाच औषध समजणं हा तिच्यावर अन्याय आहे.

राहिली इच्छाशक्ती. हेरॉइन थांबलं की सहा ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. हाडं ठणकतात, नाक-डोळे वाहतात, उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला जाते. त्याच न्यूयॉर्कमध्ये १९६५ साली व्हिन्सेंट डोल आणि मारी निसवांडर या डॉक्टरांनी हेरॉइनऐवजी मेथाडोन हे औषध देण्याच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. म्हणजे चित्रपट आला त्याच्या सहा वर्षं आधीच याकडे आजार म्हणून पाहणारे, त्यावर औषध देणारे लोक त्याच शहरात होते. निश्चय लागतोच. पण निश्चय केलेली माणसंही घसरतात आणि पुन्हा उपचाराला येतात, तेव्हा त्यांना ‘तुला सोडायचंच नाही’ म्हणून दारातून परत पाठवायचं का?

हेलन शेवटी तुरुंगाच्या दाराशी थांबते, म्हणून तिलाही नशाच हवी होती, असंही त्या मजकुरात आहे. बॉबी बाहेर येतो, चिडतो, आणि मग ‘वेल?’ एवढंच म्हणतो. दोघं चालू लागतात. तुरुंगात शरीराची सवय उतरलेली असते, त्यामुळे सुटल्यावर घेतलेला जुनाच डोस श्वास थांबवू शकतो. सुटकेनंतरचे पहिले दिवस म्हणूनच जिवावरचे असतात. चित्रपट तिथेच संपतो.

वहिनीही व्यसनमुक्ती केंद्राच्या दाराशी दोनदा उभी राहिली, हातात जेवणाचा डबा घेऊन. पहिल्या खेपेनंतर भाऊ चार महिन्यांत घसरला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रोजची गोळी सुरू केली होती आणि आठवड्याची गटाची बैठक त्यानं एकदाही चुकवली नाही. डबा दोन्ही वेळा तोच होता.