विकू नका, भाड्याने द्या. गोडाऊनच्या पट्ट्यातल्या माझ्या भावांसाठी

गेल्या आठवड्यात ब्रोकरचा फोन आला, तुमचे ते ३१ गुंठे द्यायचे का, पार्टी टोकन घेऊन तयार आहे म्हणाला, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे.

आमचं गाव भिवंडीजवळ, मानकोली-दापोड्याच्या पट्ट्यात. बाहेरच्यांना भिवंडी म्हणजे पॉवरलूम, पण आम्ही लहानपणापासून बघतोय ती गोडाऊनं. ती इथं आली जकातीमुळे. मुंबईत माल शिरताना मुलुंड, दहिसरच्या नाक्यावर जकात भरायला लागायची, मग व्यापारी माल हद्दीबाहेर आमच्याकडे उतरवून ठेवायचे आणि लागेल तेवढाच आत न्यायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, गावात सगळे म्हणाले आता गोडाऊनं ओस पडणार. झालं उलटंच. आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की लागणारा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यात छोटी गोडाऊनं ठेवायच्या, ती गरज संपली, मग मोजक्याच ठिकाणी पण मोठ्ठी जागा घ्यायला लागल्या, त्यात ऑनलाइन खरेदी वाढली, आणि हायवे, न्हावा शेवा बंदर, मुंबईचं गिऱ्हाईक हे तिन्ही जवळ असलेली जागा म्हणजे आमचीच की.

माझ्या काकांनी २००६ ला भाताचं शेत विकलं. घर झालं, दोन लग्नं झाली, गाडी आली, पैसे संपले. आज त्या शेतात १२ मीटर उंचीचं गोडाऊन उभंय, भाडं दर महिन्याला दुसऱ्याच्या खात्यात जातं आणि काकांचा मुलगा तिथंच फोर्कलिफ्ट चालवतो. त्याला बघितलं की पोटात तुटतं.

ज्यांनी विकलं नाही त्यांचंही सगळं बरं चाललंय असं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी घाईघाईत पत्र्याचे गाळे टाकले, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, अग्निशमन दलाची फायर एनओसी नाही. एका मोठ्या कंपनीची माणसं बघायला आली, टेप लावून उंची मोजली, १८ फूट भरली, कोब्याच्या भेगा मोबाईलवर टिपल्या, कागद मागितले आणि चहा न घेता निघून गेली. त्यांना रॅक उंच लावायचे असतात, आगीचे स्प्रिंकलर लागतात, कंटेनर थेट टेकेल असा डॉक लागतो. एकट्याच्या ३१ गुंठ्यात गोडाऊन बांधलं तर ४० फुटी कंटेनर वळायला जागा उरत नाही. म्हणून एकत्र यायचं म्हणतोय मी.

हे स्वप्नरंजन नाही. पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या साधारण १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांवर जमीन एकत्र केली, जमिनीच्या हिशोबात स्वतःच्याच कंपनीचे भागीदार झाले आणि तिथं आयटीची ऑफिसं उभी राहिली. मालकी घरातच राहिली ना!

नोकरीवाल्या मित्रांनाही एक सांगतो. ७० लाखांचा दुसरा फ्लॅट, भाडं १६-१७ हजार, मेंटेनन्स आणि घरपट्टी वजा केली तर वर्षाला अडीच टक्केही हातात येत नाहीत, वर हप्ते चालूच. त्यापेक्षा रीट समजून घ्या, म्हणजे बऱ्याच जणांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मोठ्या इमारती घेणारा ट्रस्ट, त्याचे हिस्से म्हणजे युनिट शेअरसारखे बाजारात मिळतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाने रीटची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून झालेली आणि भाडं देणारी लागते, वाटपायोग्य रकमेतले ९० टक्के युनिटधारकांना द्यावे लागतात, आणि २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. लिस्ट झालेल्या रीट्समध्ये मुख्यतः ऑफिसं आणि मॉलच आहेत, युनिटचा भाव खाली-वर होतो, हे धरूनच घ्या. पण पुढची कमाई ऑफिस, गोडाऊन, ऐरोली-महापेकडचे डेटा सेंटर अशा भाड्याच्या जागांत आहे, रिकाम्या पडलेल्या टू बीएचकेत नाही, हे माझं ठाम मत.

आता भावांनो, तुमच्याशी. आमचे ३१ गुंठे आणि बांधाला लागून असलेल्यांचे मिळून पाच एकर होतात. ब्रोकरला मी नाही सांगितलंय. रविवारी सकाळी दहाला आमच्या ओटीवर बसू, सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा घेऊन या, बहिणींनाही बोलवा, त्यांचीही नावं उताऱ्यावर आहेत. वकील मी बघून ठेवलाय. आणि कुणी टोकन घेतलं असेल तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही, मार्ग काढू.