कीबोर्ड त्याच्याच हातात राहू द्या

चार वर्षांपूर्वी माझ्या हातून एका पोराचं नुकसान झालं. आज ते सविस्तर लिहितोय, कारण तसंच नुकसान फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत आणि रोजगार केंद्रांच्या टेबलांवर अजूनही होत असणार, याची मला खात्री आहे.

तालुक्याच्या गावी माझं छोटं कॉम्प्युटर सेंटर आहे. एमएस-सीआयटी, टायपिंग, आणि भरती निघाली की ऑनलाइन फॉर्म. तो पोरगा पूर्ण अंध, बी.ए. झालेला. आईचा हात धरून आला होता. मी नेहमीसारखंच केलं. "बस बाळा" म्हणालो, कागदपत्रं त्याच्या आईकडून घेतली आणि सगळा फॉर्म स्वतःच भराभर भरून टाकला. बाहेर पंधरा जण ताटकळत होते, शेवटची तारीख होती. त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, लेखनिक (आपण सांगू ते उत्तर लिहिणारा) हवा आहे का? तिथं आधीपासूनच 'नाही' निवडलेलं होतं. माझी नजर त्यावरून घसरून गेली. प्रिंट काढली, पैसे घेतले, पुढचा माणूस बोलावला.

परीक्षेच्या दिवशी तो चुलतभावाला लेखनिक म्हणून सोबत घेऊन गेला. फाटकावर यादी बघितली गेली आणि चुलतभावाला बाहेर थांबवलं. अर्जात लेखनिक मागितलेलाच नव्हता. नियमानं दर तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात, तीही गेली. जो पेपर वाचता येत नाही त्याच्यासमोर तो दोन तास बसून राहिला आणि घरी आला. आठवडाभरानं माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं आता शिव्या देणार. तो एवढंच म्हणाला, "सर, सबमिट करायच्या आधी एकदा वाचून दाखवलं असतं तर मी सांगितलं असतं."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. वाचून का दाखवलं नाही? घाई होती हे खरं, पण त्याहून खरं कारण असं की त्याला विचारायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. फॉर्म त्याचा, नोकरी त्याची, आणि बोलणं सगळं माझं त्याच्या आईशी चाललं होतं.

मग मी शिकायला लागलो. तोवर मला वाटायचं, अंध माणसाचा कॉम्प्युटर वेगळा असतो, लाखभर रुपयांचा, पुण्या-मुंबईत मिळणारा. त्या पोरानंच सांगितलं की एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पडद्यावर जे लिहिलंय ते बोलून दाखवतं. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये त्याची सुरुवात केली. मराठीही वाचतं, आवाज थोडा यंत्राचा वाटतो, पण दोन दिवसांत कान सरावतो. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनही चालतं. माझ्या सेंटरमधल्या आठ वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर ते पहिल्याच दिवशी चाललं.

पुढच्या भरतीला मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टूल घेऊन बाजूला बसलो. डाव्या कानात कॉम्प्युटरचा इअरफोन, उजव्या कानाशी मोबाइल, कारण ओटीपी मोबाइलवर येणार आणि मोबाइलचा टॉकबॅक तो वाचून दाखवणार. दोन कानांत दोन आवाज आणि दोन्ही वेगात बोलणारे. मला त्यातलं काही कळेना, त्याला सगळं कळत होतं. टॅब दाबत एकेका रकान्यावर जायचा, ऐकायचा, टाइप करायचा. मध्येच थांबला. "सर, हितं नुसतं 'बटन' म्हणायलंय. कशाचं बटन हाय?" मी पाहिलं तर तिथं कॅलेंडरचं चित्र होतं, ज्यानं साइट बनवली त्यानं त्या बटनाला नाव दिलेलंच नव्हतं. पुढं कॅप्चाचं वाकडंतिकडं चित्र. तिथं मी डोळ्यांनी बघून अक्षरं सांगितली, टाइप त्यानं केली. फोटो सरळ आहे का, सही नीट आली का, तेही मी बघून सांगितलं. कागद अपलोड करता करता वेळ संपली म्हणून साइटनं एकदा बाहेर काढलं, पुन्हा पहिल्यापासून. सगळं धरून दोन तास दहा मिनिटं लागली. मी भरला असता तर वीस मिनिटांत झाला असता.

पासवर्डच्या रकान्यावर आल्यावर मला म्हणाला, "सर, जरा तिकडं बघा. पासवर्ड टाकायलोय."

तोवर त्याचे सगळे पासवर्ड माझ्या वहीत असायचे. गावातल्या शंभरेक लोकांचे असतात. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण डोळस माणूस घरी गेल्यावर पासवर्ड बदलू शकतो. तो बदलू शकत नव्हता.

आता सरकारी केंद्रांबद्दल. ज्याला आपण अजूनही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, त्याचं आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय. पूर्वी तिथं नोंदणीचं कार्ड हातानं लिहून मिळायचं, आता नोंदणी महास्वयंम पोर्टलवर. कार्ड होतं तेव्हा समोर निदान एक कारकून असायचा आणि त्याला विचारता यायचं. आता सगळे सांगतात, "ऑनलाइन करून या." ऑनलाइन करता येत नाही म्हणूनच तर तो माणूस एसटीनं साठ किलोमीटर आलेला असतो.

मी आमच्या पोराला घेऊन अशा एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, कारण माणसं वाईट नव्हती. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मी विचारलं, इथल्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकता येईल का? ते म्हणाले, "त्याला परवानगी लागेल." मग म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता, आमचा ऑपरेटर भरून देतो की." हे मनापासून बोलले. मला तेच बोचलं. दया भरपूर होती. त्याला स्वतःला येतंय, हे मानायची तयारी नव्हती. भिंतीवर एक जाहिरात लावलेली होती, तीच साइटवर स्कॅन करून टाकलेली. स्कॅन म्हणजे फोटो. त्यावर वाचन करणारं सॉफ्टवेअर गप्प बसतं. दुसरी एक जाहिरात फाइल होती, पण कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना ती मराठी दिसते, कॉम्प्युटरला नाही. त्यातला 'कार्यालय' हा शब्द अक्षर-अक्षर ऐकला तर 'डी के सेमिकोलन के झेड वाय सेमिकोलन' असा ऐकू येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठी म्हणून कळेल असं, टाइप करायला एक पैसा जास्त लागत नाही, आणि तरी आपल्या कार्यालयांतून अजून कृतीदेव जात नाही.

आणि हे फक्त अंधांचं नाही. गेल्या वर्षी एक ताई आल्या. सोयाबीनच्या मळणीयंत्रात उजवा हात मनगटापासून गेलेला. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास अशी बातमी नाही असं वर्ष जात नाही. बारावी झालेल्या, डाव्या हातानं टायपिंग चांगलं. अडायचं कुठं? मोठं अक्षर किंवा ॲटचं चिन्ह टाकायला शिफ्ट धरून दुसरी कळ दाबावी लागते, आणि ते एका हाताला जमेना. त्या शिफ्टवर उजव्या हाताचं थुटकं दाबून धरायच्या. दुखायचं. पाच वेळा शिफ्ट दाबलं की विंडोजमध्ये एक चौकट येते, स्टिकी कीज सुरू करायच्या का विचारते. आपण सगळ्यांनी ती चौकट चुकून पाहिलेली आहे आणि वैतागून बंद केलेली आहे. ती या ताईंसाठी आहे. 'हो' म्हटलं की शिफ्ट एकदा दाबून सोडून द्यायचं, मग दुसरी कळ. दहा सेकंदांचं काम. पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवून मला ते माहीत नव्हतं.

रोजगार मेळाव्यात कर्णबधिर मुलंमुली येतात तेव्हाही हेच. हॉलमध्ये माइकवर नावं पुकारतात. ज्याला ऐकू येत नाही त्याचं नाव पुकारून होतं, पुढच्याचं सुरू होतं. मोबाइलवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं गुगलचं ॲप आहे, समोरचा बोलतो ते मराठीत लिहून दाखवतं. हॉलच्या गोंगाटात चुका करतं, म्हणून मोबाइल बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरायचा आणि मुलाखत शांत खोलीत घ्यायची. कंपनीच्या माणसाला हे आधी कुणी सांगायला हवं ना? ते केंद्राच्या माणसाचं काम आहे.

कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण त्यात आहे, विशेष रोजगार केंद्रांचा उल्लेख आहे, माहिती आणि संगणक सेवा सर्वांना वापरता याव्यात हेही आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रकरण केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचं होतं. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्यांना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, अंधांना सेल्फी घेता येत नव्हती, आणि त्यापायी त्यांची साधी बँकेची कामं अडत होती. डिसेंबर 2022 मध्ये आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी वेगळा विभागही केला. कागदावर आपण मागे नाही.

पण दिव्यांगांना नोकरीसाठी मदत करणारं केंद्र सरकारचं खास केंद्र आहे ते मुंबईला. मराठवाड्यातल्या उदगीरच्या किंवा किनवटच्या माणसानं कुठं जावं? अमेरिकेत प्रत्येक राज्यात असा एक कार्यक्रम चालतो की उपकरण आधी वापरून बघायला, घरी न्यायला मिळतं, मग ठरवायचं घ्यायचं की नाही. आपल्याकडे शिबिर होतं, मंचावर स्मार्टफोन आणि काठी देतात, फोटो निघतो. फोनमधला टॉकबॅक कसा चालू करायचा हे मंचावर कुणी सांगत नाही. असे तीन फोन मी लोकांच्या घरी डब्यात नीट गुंडाळून ठेवलेले पाहिलेत. आणखी एक फोन तर नातू गेम खेळायला वापरत होता. आजोबांना वाटत होतं आपल्याला ते जमणारच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक केंद्रात एक माणूस तयार करा. यंत्रं नंतर आली तरी चालतील, बरीचशी तर त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आहेत. त्या माणसाला एनव्हीडीए चालू करता यावं, स्टिकी कीज, अक्षरं मोठी करून दाखवणारं मॅग्निफायर माहीत असावं, आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला दोन तास स्टुलावर गप्प बसता यावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, अनुभवानं सांगतो. माऊसकडे हात आपोआप जातो. मी सुरुवातीला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायचो. त्या माणसावर "आज किती फॉर्म झाले" हा हिशेब लादू नका, नाहीतर तो पुन्हा भराभर स्वतःच भरून मोकळा होईल, मी झालो तसा.

आणि तो माणूस स्वतः दिव्यांग असेल तर उत्तमच. आमचा तो पोरगा आता माझ्याच सेंटरवर दोन मुलांना एनव्हीडीए शिकवतो. सरकारी नोकरी अजून लागलेली नाही. परवा एका मुलाला तो ओरडत होता, "आधी ऐक, मग दाब. समद्या पानाचं ऐक. सबमिटच्या आधी परत एकदा पहिल्यापासून ऐक."

दर शनिवारी 12 ते 4 एक कॉम्प्युटर त्यासाठीच मोकळा ठेवतो, पैसे नाहीत. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्सला कळवा. येताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), स्वतःचा मोबाइल आणि इअरफोन आणायला सांगा. रोजगार केंद्रात काम करणारं कुणी हे वाचत असेल आणि शिकायचं असेल, तर त्यांनीही या. पेनड्राइव्ह मी देतो.