तेरा आकडी नग

टेबलावरची पेनं तिरकी पडली असली की तुम्हाला चैन पडत नाही ना? कुणी 'जरा तो स्क्रू दे' म्हणालं की तोंडून आपसूक 'कोणता?' निघतं, आणि समोरचा 'कोणता काय, तो!' म्हणाला की मस्तकात तिडीक जाते? मग डॉक्टरकी, कॉम्प्युटर असल्या वाटांना जाऊ नका. अमेरिकेच्या केंद्र सरकारात २०५० क्रमांकाची एक नोकरश्रेणी तुमच्यासाठी जागा धरून बसली आहे. तिचं नाव सप्लाय कॅटलॉगिंग, म्हणजे पुरवठ्याच्या मालाची सूची करणं. तुम्ही रुजू होण्याआधीच तुमच्या नोकरीला नंबर पडलेला आहे, यावरून पुढचं ओळखा.

पहिल्या पायरीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तत्त्वज्ञानाची असेल तर उत्तम. कारण सरकारी वर्गवारीत स्क्रूचा वर्ग ५३०५ आणि बोल्टचा ५३०६, आणि हे दोन वर्ग वेगळे का, या प्रश्नावर माणसाचं अख्खं तारुण्य सहज निघून जातं. नट आणि वॉशर मात्र ५३१० मध्ये गुण्यागोविंदाने एकत्र नांदतात. का, ते विचारू नका. विचारायची इच्छा झाली असेल तर आपण योग्य उमेदवार नाही.

कामाचं मूळ सांगतो. पूर्वी लष्कर, नौदल, हवाईदल ज्याच्या त्याच्या मर्जीने वस्तूंना नावं ठेवत असत. त्यामुळे एकच सुटा भाग एकाच्या कोठारात एका नावाने धूळ खात पडलेला असायचा आणि दुसरा तोच भाग दुसऱ्या नावाने नव्याने विकत घ्यायचा. विकणाऱ्यांची मोठी सोय होती. १९५२ साली कायदा करून हा आनंद संपवण्यात आला. एक वस्तू, एक नाव, एक क्रमांक. आधी तो अकरा आकडी होता. १९७४ साली तेरा आकडी झाला, म्हणजे जुन्या क्रमांकांच्या मधोमध दोन शून्यं बसवली. शून्याला किंमत नसते म्हणणाऱ्यांनी ती दोन शून्यं बसवताना कागद किती लागले असतील, याचा विचार करावा.

या तेरांपैकी पहिले चार आकडे वर्गाचे, पुढचे दोन देशाचे. हीच पद्धत नाटोनेही उचलली असल्यामुळे जर्मनीला १२, फ्रान्सला १४ आणि ब्रिटनला ९९ मिळाला. ०० आणि ०१ अमेरिकेने स्वतःकडे ठेवले. पंक्तीत वाढपी आपलाच असला की असं होतं. उरलेल्या सात आकड्यांना मुद्दामच काही अर्थ ठेवलेला नाही. नवखे उमेदवार त्यांत अर्थ शोधत बसतात. तुम्ही बसू नका. पुढे सबंध नोकरीभर हे ज्ञान उपयोगी पडेल.

खरी मजा नाव ठेवण्यात आहे. आपल्याकडे लोकांना नावं ठेवायला पगार मिळत नाही, इथे मिळतो. नियम एवढाच, की आधी नाम, मग स्वल्पविराम, मग विशेषण. फिरती खुर्ची म्हणायचं नाही. 'खुर्ची, फिरती' म्हणायचं. हे मंजूर नाव झालं. मंजूर नावांची भलीमोठी यादी असते आणि त्या यादीबाहेर जाऊन स्वतःच्या प्रतिभेने नाव सुचवणारा माणूस ऑफिसात संशयास्पद ठरतो. दोन-तीन वर्षांत हे वळण अंगी मुरतं. मग घरी तुम्ही 'टॉवेल, अंगाचा, ओला, पलंगावर कुणी टाकला?' असं विचारायला लागता. घरच्यांनी उत्तर दिलं नाही तर समजा, बढती जवळ आली.

यादीत बसणारं नाव सापडलंच नाही, तर त्या वस्तूला ७७७७७ हा नावाचा संकेतांक देतात. पाच साते. सरकारी भाषेत 'देव जाणे'चं भाषांतर. माझा सल्ला असा, की हा क्रमांक जपून वापरा. रोज वापरलात तर आळशी म्हणतील, आणि कधीच वापरला नाहीत तर तुमच्या टेबलावर खिळे-मोळे सोडून दुसरं काही येतच नाही, हे उघडं पडेल.

नावानंतर गुण सांगायचे. प्रत्येक गुणाला चार अक्षरी संकेत. एकूण लांबी म्हणजे एबीएचपी, एकूण रुंदी एबीएमके. ही अक्षरं कोणत्या शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे शोधण्याच्या फंदात पडू नका. वरच्या सात आकड्यांचा धडा आठवा. इथे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार खपत नाही. सोनूबाईंनी वाळ्याचा धातू, मुलामा, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि कडी असल्यास तिचा प्रकार भरून द्यावा. मग बघू.

आणि ही यादी निर्जीव वस्तूंची, असा गैरसमज नको. ८८२० हा वर्ग जिवंत प्राण्यांचा, खाण्यासाठी न पाळलेल्या. लष्करातला कुत्रा त्यात येतो. ज्या तंत्रात नटबोल्टाला नग म्हणतात त्याच तंत्रात कुत्राही नग. तुमच्या साहेबांना मात्र नग म्हणू नका. ते आहेतच, पण नोंदीत तसं नाही.

कागदोपत्री तुमचा खरा शत्रू म्हणजे डुप्लिकेट. दोन कारखान्यांनी वेगवेगळ्या नंबरांनी विकलेला एकच वॉशर दोनदा क्रमांक मिळवून बसलेला असतो. त्याला हुडकून काढलंत की सरकारचे पैसे वाचतात. तुमच्या हाती काय लागतं? एक काम कमी होतं. तेव्हा घाई नको, एवढंच सुचवतो.

पगाराचं सांगायचं तर पंधरा वर्ग, प्रत्येक वर्गाला दहा पायऱ्या. पहिल्या तीन वेतनवाढी वर्षा-वर्षाने, पुढच्या तीन दोन-दोन वर्षांनी, शेवटच्या तीन तीन-तीन वर्षांनी. म्हणजे वर्ग न बदलता पहिल्या पायरीवरून दहावीवर पोचायला १८ वर्षं. जसजसा अनुभव वाढतो तसतशी वाढ लांबते. जिना चढताना धाप लागू नये म्हणूनच ही काळजी घेतलेली असणार.

या सूचीकामाचं माहेरघर मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी आहे. ती इमारत म्हणजे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचं जुनं आरोग्यधाम. एनिमा हा त्यांचा लाडका उपाय. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ झालं. तिथे उपचार घेतलेले तीन जखमी सैनिक पुढे सिनेटर झाले आणि २००३ साली इमारतीला हार्ट, डोल आणि इनोये अशी त्या तिघांची नावं दिली गेली. स्वल्पविराम कुठे द्यायचा, यावर आत किती चर्चा झाली असेल, देव जाणे. ७७७७७. पूर्वी जिथे लोकांच्या आतड्यांची सफाई होत असे तिथे आता नोंदींची होते. बद्धकोष्ठाचा पत्ता बदललेला नाही.

सही करायला तुम्हाला सरकारी बॉलपेन मिळेल. त्याचा वर्ग ७५२०. एवढ्याशा पेनाचं तपशीलपत्र १६ पानांचं आणि ते सलग एक मैल लिहील, अशी अट. एक मैल कुणी आणि काय लिहिलं, हे विचारून तुम्ही अजून कच्चे आहात हे दाखवू नका.

शेवटी एक दिवस तुम्ही निवृत्त व्हाल. यादीतून एखादा क्रमांक रद्द झाला की तो पुन्हा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. बदली वस्तू असेल तर नोंदीत 'याऐवजी अमुक वापरा' असं लिहितात. तुमच्याऐवजी वापरायचा मुलगा निरोप समारंभात कोपऱ्यात उभा असेल. सहकारी वर्गणी काढून तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ देतील. टाळ्या चालू असतानाच तुमचा हात आपोआप ते उलटं करेल. मागे क्रमांक नसेल, कारण ते बाजारातून आणलेलं. आभाराचे चार शब्द बोला, घरी न्या, खिळ्याला (वर्ग ५३१५) अडकवा, आणि किती वाजले ते पाहण्याचा प्रयत्न करा.