झांज एकच

रेवदंड्याच्या माझ्या शाळेतल्या मित्राने विसर्जनाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमच्या दाविद राजानेही वाजतगाजतच मिरवणूक काढली होती ना? मग आम्हालाच का सांगतेस?" डीजेवरून गावात दोन तट पडलेत. मी रेवदंड्याचीच ज्यू, आता इस्रायलमधल्या रामल्यात राहते. इथून मी डीजेच्या विरुद्ध लिहिलं होतं, त्यावर त्याचा हा प्रश्न, आणि त्याला हे माझं उत्तर.

मित्रा, तू म्हणतोस ते खरंच आहे. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पवित्र पेटी, यरुशलेमेत आला तो वीणा, सतारी, झांजा, कर्ण्यांच्या गजरात. पण पुढे तिथल्या मंदिरात रोज काय वाजायचं, ते मिश्नामध्ये, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, आकड्यांसकट लिहून ठेवलंय. सतारी, म्हणजे नेवेल, किमान 2, कमाल 6. कर्ण्यांचे फुंकार दिवसाला 21 पेक्षा कमी नाहीत, 48 पेक्षा जास्त नाहीत. वीणा, म्हणजे किन्नोर (इथल्या अर्ध्या शेकेलच्या नाण्यावर असते तीच), किमान 9, वर कितीही. आणि झांज? एकच. ती वाजली की लेवी, म्हणजे मंदिराचे सेवेकरी गायक, गायला लागायचे. कानठळ्या बसवणारं वाद्य एक, हळुवार वाद्याला मात्र मर्यादा नाही! स्तोत्राचे शब्द कानी पडावेत म्हणूनच हे, असं मला मनापासून वाटतं.

सन 70 मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळलं. आता शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आमच्या सिनेगॉगात (प्रार्थनाघरात) वाद्याला हातही लागत नाही. तार तुटली तर नीट करायला हात जाईल, आणि तेही कामच, असं शास्त्र सांगतं. लहानपणी गावीही हेच होतं. पण इतर दिवशी रात्री पेटी-तबल्यावर बायबलमधल्या योसेफाचं मराठी कीर्तन रंगायचं, आणि आजी प्रत्येक ओळ आमच्याकडून म्हणवून घ्यायची.

इथलं सगळं शांत आहे असं नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मलाही कान झाकावे लागतात. पण गावातला वाद 'बंद करा' आणि 'बंद करून दाखवा' एवढ्यावरच अडतो, याचं वाईट वाटतं. किती वाजवायचं, हे वाजवणाऱ्यांनीच ठरवावं. तिथे ते लेवींच्या हाती होतं, आपल्याकडे मंडळाच्या हाती आहे. पोलिसांच्या आवाज मोजायच्या यंत्राची वाट कशाला बघायची?

तुझ्या व्हिडिओत डीजेच्या मागे तुझे बाबा दिसले. हातात टाळ, ओठ हलतायत. अभंग कोणता होता, तेवढं विचारून सांग.