मार्बरी ‘पळाला’ नव्हता हो

तुमच्या लेखात अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टेफॉन मार्बरीला एका ओळीत गुंडाळलंय, की एनबीएत (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये) कुणी घेईना म्हणून चीनला पळाला. अहो पण खरी गोष्ट तिथूनच तर सुरू होते ना! २०१० मध्ये गेला तो आधी शान्शीच्या टीमकडे, मग फोशान, तिथेही जम बसला नाही, दुसरा कुणी असता तर बॅग भरून घरी आला असता. हा २०११ ला बीजिंग डक्सकडे गेला आणि २०१२, २०१४, २०१५ अशा चिनी लीगच्या तीन चॅम्पियनशिप मारल्या, त्याआधी त्या क्लबकडे एकही नव्हती!! लोकांनी चक्क पुतळा उभारला त्याचा, आणि खेळत असतानाच बरं का.
बाकी आधी एनबीएत, न्यूयॉर्क निक्स या टीममध्ये कोचशी वाजलं त्यात चूक त्याचीही होती, मान्य. पण आपल्याकडे परदेशी लीग म्हटलं की लगेच ‘पेन्शनीत निघाला’ म्हणतात, ते डोक्यात जातं. २०१८ पर्यंत, म्हणजे चाळिशीपर्यंत खेळला बाबा तो, नंतर तिकडेच कोचही झाला. त्याच्यावर वेगळा लेख येऊ द्या.