मुजोर कोणाला म्हणायचं?

रिक्षावाल्याने भाडं नाकारलं की तो मुजोर. बँकेने कर्ज नाकारलं की तो बँकेचा नियम. भाडं नाकारणं चूकच आहे, त्यावर वाद नाही. पण तोंडावर 'नाही' दोघांनीही म्हटलेलं असतं, आणि शिवीसारखा शब्द मात्र एकाच्याच वाट्याला येतो.

आमच्या सोसायटीत मध्यंतरी नव्या वॉचमनने एका सभासदाच्या पाहुण्यांची गाडी गेटवर अडवली. रजिस्टरमध्ये नाव लिहा म्हणाला. हा नियम कमिटीनेच केलेला, बोर्डावर लावलेला. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर 'वॉचमन फार मुजोर झालाय', 'माज आलाय', 'यांना डोक्यावर बसवून ठेवलंय' असे मेसेज सुरू झाले. तो नेमकं काय बोलला, हे कुणी विचारलंच नाही. मी विचारलं. 'साहेब, नाव लिहिल्याशिवाय सोडता येणार नाही,' एवढंच. पहिला शब्द 'साहेब' होता, तरी तो मुजोर ठरला. सभासद त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलले, त्याला ग्रुपवर कुणीच नाव दिलं नाही.

यातला 'माज' मला सगळ्यात जास्त टोचतो. गावाकडे म्हैस माजावर येते, गाय माजावर येते. गोठ्यातला शब्द आहे तो. माणसाला लावला की तो माणूस आधी जनावर होतो, आणि जनावराचं काय करायचं हे भाषेत ठरलेलंच आहे. माज उतरवायचा, मस्ती जिरवायची, रग मोडायची, वेसण घालायची, मुसक्या आवळायच्या. हे शब्द नुसतं वर्णन करत नाहीत, पुढे काय करायचं तेही सांगून ठेवतात. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवली जाते, पोराने मिशी पिळली म्हणून मारहाण होते, तेव्हा हात उगारण्याच्या आधी कुणीतरी 'फार माज आलाय' म्हटलेलं असतं. मला हा शब्द भीतीदायक वाटतो, तो एवढ्यासाठी.

आता दुसरी बाजू बघा. पुढारी अधिकाऱ्याला चारचौघांत झापतो, तो 'रोखठोक'. साहेब फायली भिरकावतो, तो 'कडक शिस्तीचा'. आजोबांच्या धाकाने घरात कुणी तोंड उघडत नसे, ते 'करारी'. कार्यकर्त्यांनी कुणाला मारलं तर 'चोप दिला', 'प्रसाद दिला'. दुकानांच्या काचा फोडण्यालाही 'खळ्ळखट्याक' असं खेळकर नाव मिळालं आणि बातम्यांतून ते घरोघरी पोचलं. काच फुटली ती ज्याची होती, त्याला त्यात गंमत दिसली असेल का?

बायकांसाठी तर वेगळा साठाच आहे. कजाग, तोंडाळ, भांडकुदळ, जहांबाज, आक्रस्ताळी. पुरुषाला कुणी कजाग म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सुनेने हिशेब विचारला तर ती 'उलट बोलते'. तोच हिशेब जावयाने विचारला तर 'व्यवहाराला चोख'. 'खमकी' हा एक चांगला शब्द बाईला मिळतो, पण तोही बहुतेक वेळा नवरा गेल्यावर घर एकटीने ओढलं की मगच.

शब्द बदलतातही, पण कधी? उमाजी नाईकांना इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोर म्हटलं होतं. 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी दिली. आज आपण त्यांना आद्यक्रांतिकारक म्हणतो. माणूस तोच, त्याची कृतीही तीच, नाव देणारे तेवढे बदलले. 2022 साली शिवसेना फुटली तेव्हा शिंदे गटातून 'हे बंड नाही, उठाव आहे' असं ठासून सांगितलं जात होतं, समोरून 'गद्दार' येत होतं. राजकारणातल्या लोकांना शब्दाची किंमत नेमकी ठाऊक असते. निवडणुकीत तिकीट नाकारलेल्यांना तर वर्तमानपत्रं लाडाने 'बंडोबा' म्हणतात, आणि अर्ज मागे घेतला की 'बंडोबा थंड झाले'. सफाई कामगारांनी पगारासाठी काम थांबवलं तर त्यांना असं लाडाचं नाव मिळत नाही. 'शहराला वेठीस धरलं', हा मथळा तयार असतो.

खरा दांडगेपणा नसतोच असं मी म्हणत नाही. रस्त्यात गाडी आडवी घालून शिव्या देणारे असतात, आणि त्यांना गुंडच म्हटलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की आधी काय घडलं ते सांगा, विशेषण नंतर लावा.

शिक्षक मित्रमैत्रिणींना विशेष विनंती. प्रगतिपुस्तकात 'उद्धट आहे', 'उलट उत्तरे देतो' असा शेरा लिहिताना ते मूल काय बोललं, हेही एका ओळीत लिहा. आणि पालकांनो, सभेत शेरा वाचून घरी जाऊन पोराला झोडपण्याआधी बाईंना विचारा, 'तो नेमकं काय म्हणाला?' माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा असा शेरा होता. तिने विचारलं होतं, 'मुलींनीच का रांगोळी काढायची?'