विंडोज मारायची आहे? मामाला फोन लावा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे कितीतरी आधीपासून जाहीर होतं. म्हणजे लॅपटॉपवर नवी विंडोज टाकणं, आमच्या भाषेत 'मारणं', आलंच. पण म्हणून काही घाई करायची नाही. मे महिन्याची वाट पाहायची. नागपुरात पारा ४५ ला टेकला, रविवार आला आणि मामा जेवून कूलरसमोर आडवा झाला, की मुहूर्त लागला समजा.

पेनड्राइव्ह विकत आणू नका, शोधा. घरात असतोच. देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, नाहीतर लग्नाच्या अल्बमसोबत फोटोग्राफरनं दिलेल्या डबीत. 'यात काही नाही ना?' असं मामानं विचारलं की उघडून न पाहता 'हाव, रिकामाच आहे' म्हणायचं. बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करून विंडोज टाकता येते तो, बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, आणि पुसण्याआधी प्रोग्रॅम तसं विचारतोही. पण मग ओकेचं बटण कशासाठी असतं? घरात सापडलाच नाही तर फुटपाथवरचा २ टीबीचा घ्या, तीनशे रुपयांत. कॉम्प्युटरला तो २ टीबीच दिसतो, कारण त्याला तसं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आतली चिप १६ जीबीची निघाली तर तो तुमच्या नशिबाचा दोष.

आयएसओ फाइल, म्हणजे विंडोज टाकायचं अख्खं सामान एकाच फाइलीत, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, म्हणून तिथून घेऊ नका.

आता कॉपी. रूफस वगैरे बूटेबल पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या भानगडीत पडायचं नाही. आयएसओवर डबल क्लिक करायचं आणि आतल्या सगळ्या फाइली ओढून पेनड्राइव्हवर टाकायच्या. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही कॉम्प्युटर शाखेत. त्यानं हेच केलं. गंमत म्हणजे यात मुळात चूक काही नाही. यूईएफआयवाला लॅपटॉप (यूईएफआय म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, जुन्या बायोसचा वारस) फॅट३२ पेनड्राइव्हवर नुसत्या कॉपी केलेल्या फाइलींवरूनही बूट होतो, म्हणजे सुरू होतो. फक्त कॉपी होता होता मध्येच एक खिडकी उघडली. 'इन्स्टॉल डॉट विम' ही फाइल या ड्राइव्हसाठी फार मोठी आहे, असं तिच्यात लिहिलेलं. खाली स्किपचं बटण. पोरानं स्किप केलं.

पुढं लॅपटॉप बूट झाला, भाषा विचारून झाली, इन्स्टॉलचं बटण दाबून झालं आणि गाडी अडली. मग मला फोन.

'मामा, एरर येऊन राहिला.'

'काय एरर?'

'काहीतरी मोठ्ठा आहे, इंग्रजीत.'

'वाच ना मग.'

'थांबा, फोटो पाठवतो.'

फोटोत ट्यूबलाइट होती, त्याचा अंगठा होता, कूलरची जाळी होती. एरर तेवढा नव्हता. मी म्हटलं, दुसरा काढ. तोवर ताईनं फोन हातात घेतला. 'तू येऊनच जा ना रे, तुझं पाच मिनिटांचं काम आहे.'

झिंगाबाई टाकळीहून मानेवाडा म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसरं टोक. दुपारचे अडीच. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा. सिग्नलवर हिरव्या जाळीच्या सावलीत आधीच गाड्या कोंबलेल्या, त्यामुळे मी उन्हात. हँडल असं तापलेलं की त्यावर पापड भाजून घ्यावा. पोचलो, पन्हं प्यालो आणि इन्स्टॉल पुन्हा चालवून स्क्रीन पाहिली. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की इन्स्टॉल डॉट विम ही फाइल सापडत नाही.

'कॉपी करताना काही राहिलं होतं का रे?'

'एकच फाइल राहिली होती ना मामा. बाकी सगळ्या आल्या.'

एकच! अरे, विंडोज जिच्यात असते ती एकच! बाकीच्या नुसत्या वऱ्हाडी. बँडवाले आले, घोडी आली, रुसायला फुफाजी आले आणि नवरदेव तेवढा घरी राहिला. वर मंगलाष्टकं काऊन नाही होऊन राहिली म्हणून भटजीला भर उन्हात बोलावणं!

फॅट३२ ही पेनड्राइव्हवर फाइली मांडायची १९९६ सालची व्यवस्था. तिच्यात फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितात, म्हणून एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी त्याचा काय उपयोग? आणि आताची इन्स्टॉल डॉट विम ४ जीबीत मावत नाही. एनटीएफएस ही मोठ्या फाइली घेणारी व्यवस्था करावी तर बऱ्याच लॅपटॉपांचं यूईएफआय ती वाचत नाही, त्याला फॅटच लागतं. रूफस यातून वाट काढतो. मोठा भाग एनटीएफएस करतो आणि शेजारी एक चिमुकला फॅटचा भाग ठेवतो, त्यातून बूट करून पुढं मोठ्या भागात शिरायला. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं टूल तीच फाइल जास्त दाबून, ईएसडी करून, ४ जीबीच्या आत बसवतं. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींत मोजून चार क्लिक. तिसऱ्या वर्षाला हे शिकवत नसतील, मान्य. पण 'फाइल फार मोठी आहे' हे वाक्य समजायला कोणतं वर्ष लागतं?

असो. सल्ल्यांकडे वळू.

बूट मेनूची, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची, कळ डेलला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप. हे पाठ करण्यापेक्षा दोन्ही हातांनी सगळ्या कळा दाबा, पेटी वाजवल्यासारख्या. शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं की विंडोजच 'यूज अ डिव्हाइस' म्हणून पेनड्राइव्ह समोर ठेवते, पण त्यात पेटी वाजवण्याचा आनंद नाही.

मामा रस्त्यात असेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगांत, शिरा. दिसेल ते बदला. जुनं काय होतं ते लिहून ठेवलं तर लोक घाबरट म्हणतील. आमच्या भाच्यानं एवढ्या वेळात यूईएफआयचं लेगसी, म्हणजे जुनी बायोस पद्धत, केलं. डिस्कची मांडणी यूईएफआयसाठीची, जीपीटी, त्यामुळे लेगसीमध्ये जुनी विंडोजही उठेना. मग ते परत फिरवलं आणि सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना खात्रीचेच प्रोग्रॅम चालू देणारा पहारा, बंद केलं. त्यावर डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरनं ४८ अंकी किल्ली मागितली. भाऊजींचा चेहरा पांढराफटक, लॅपटॉपमध्ये सगळ्या पॉलिस्या आणि घराची कागदपत्रं. किल्ली त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, आणि खातं पोरानं दहावीत असताना उघडून दिलेलं. पासवर्ड? 'तेव्हाचा काहीतरी होता.' मी सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि किल्लीचा प्रश्न आपोआप मिटला. तर ताई म्हणते, 'पाहा, काहीच नव्हतं झालं. उगाच ओरडून राहिला तू लेकरावर.'

काहीच नव्हतं झालं!

आता सरळ बोलतो. बॅकअप घेतला होता का? नव्हता. भाऊजी, तुमच्या घराची कागदपत्रं एका पोराच्या हिमतीवर होती. आणि तू रे, आणि तुझ्यासारखे सगळे जे 'मामा', 'दादा', 'भाऊ' करत फोन लावता, वाचता येते ना तुम्हाले? खिडकी उघडली की उंदीर पाहिल्यासारखी बंद काऊन करता? तिच्यात तीन ओळी असतात. त्या तीन ओळी फोनवर वाचून दाखवल्या असत्या तर मी पडल्या पडल्या सांगितलं असतं की रूफस उतरव आणि पुन्हा बनव, वीस मिनिटांचं काम आहे. 'काहीतरी येऊन राहिलं' हे एररचं नाव नाही. काय येऊन राहिलं ते सांगा, शब्दन्‌शब्द, आकड्यासकट. इंग्रजी वाचवत नसेल तर एकेक अक्षर सांगा, मी जोडून घेईन. पण स्किप दाबून ते विसरून जायचं आणि वर लॅपटॉपच खराब आहे म्हणायचं, हे चालणार नाही. लॅपटॉपनं दोनदा सांगितलं होतं. एकदा कॉपी करताना, एकदा इन्स्टॉल करताना.

शेवटी कागदपत्रं बाहेर काढून ठेवली, माझ्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज मारली आणि ऊन उतरल्यावर घरी आलो. तो पेनड्राइव्ह तिथंच राहिला. परवा कळलं, तो पुसून त्यात भजनं भरली आहेत आणि भाऊजींच्या गाडीत लावला आहे. पुसायच्या आधी खिडकी आली असेलच. ताई, त्यात माझं तीन वर्षांचं इन्कम टॅक्सचं सगळं होतं.